कट्टा झाला

टेबल अजून देगावकर सरांच्या उंचीला आहे.
सर सहा फूट. निवृत्त होऊन चार वर्षं झाली,
टेबलाला कुणी कळवलं नाही.
हायड्रॉलिक अडकलंय म्हणतात,
पार्ट पुण्याहून यायचाय.

मी चार फूट अकरा इंच.
मल्लिनाथ न सांगता पायाखाली पाट सरकवतो,
एक, मग त्यावर दुसरा.
"बघून हं मॅडम."
पाटावर चढलं की हात पोचतात,
पण कॉटरीचं पेडल खाली फरशीवरच राहतं.
उजवा पाय त्याला चाचपत राहतो
लाइट गेल्यावर चप्पल शोधावी तसा.
आणि मान.
मान कुणाच्याच हिशेबात नसते.

आज थायरॉइड. मोहोळच्या शाळेतल्या बाई,
गाठ लिंबाएवढी.
त्यांच्या खांद्यांखाली उशी, डोक्याखाली गोल कडं,
किती अलगद मागे टेकवली आम्ही त्यांची मान.
बागवान सरांनी दोनदा हात घालून पाहिलं,
कुठे ताण नको यायला.
त्या मानेवर माझी मान ओणवी,
कपाळावर लूपचं ओझं,
दोन तास दहा मिनिटं.
आवाजाची नस दोऱ्याएवढी असते.
ती दिसली की हलायचं नाही,
नाक खाजलं तरी नाही.
बाईंना जूनमध्ये हजेरी घ्यायचीय.

रात्री माझा अंगठा आणि शेजारचं बोट
मुंग्यांच्या वारुळात ठेवल्यासारखं होतं.
परवा चहाचा कप सुटला हातातून.
एमआरआयची फिल्म कपाटात आहे, साड्यांखाली,
पाचव्या-सहाव्या मणक्यामधलं कुणाला दाखवायचं नाही म्हणून.
रेडिओलॉजीतली निलांबिका एवढंच म्हणाली,
"रिपोर्टवर नाव घालू, की नको?"

ओपीडीत मी सांगते, मान घालून काम करू नका.
अशोक चौकातल्या बायका एकमेकींकडे बघून हसतात.
"मग काय डॉक्टरीणबाई,
आभाळाकडे बघून विड्या वळायच्या?"

माझी आई नरसव्वा तशीच वळायची.
विडी घरकुलाच्या ओट्यावर, मांडीत सूप,
भिजवलेलं पान, तंबाखूची चिमूट, दोऱ्याचे दोन वेढे.
दिवसाला हजार.
त्यातल्या किती हजारांची माझी फी झाली
ते कारखान्याच्या वहीत असेल.
तिच्या मानेमागे आता मुठीएवढा उंचवटा आहे,
मंगळसूत्र त्याच्यावर अडून बसतं.

रविवारी गेले. काही बोलले नव्हते.
पाणी प्यायला वाकले तर तिनं मागून
अंगठा रोवला, नेमका.
"इथंच ना?"
मग तेलाची वाटी, आणि शिव्या, तेलुगूतून.
शिव्या संपल्यावर मराठीत म्हणाली,
"पंचवीस झाल्या की वर बघायचं.
एवढं कसं शिकली नाहीस, एवढं शिकून?"

तेव्हा आठवलं.
पंचवीस विड्या, कट्टा बांधला,
की ती मान उचलून विजेच्या तारांकडे बघायची.
मला वाटायचं, तिथं काही असतं.
मीही बघायचे.
फार तर कावळा.

आता चाळीस मिनिटं झाली की
कोरे सिस्टर घड्याळाखालून हाक देतात.
पहिल्या दिवशी त्यांना शब्द सुचेना,
"मॅडम, ते आपलं... मान..."
म्हटलं, कट्टा झाला म्हणा.
मी रक्तस्राव बघते, ओला गॉज ठेवते,
हत्यारं ट्रेमध्ये,
आणि सगळे वर बघतो.
बागवान सर, इंटर्न पोरगा, मल्लिनाथसुद्धा,
ज्याची मान चांगली आहे.
छतावर गळतीचा एक डाग आहे.
इंटर्न म्हणतो, कर्नाटक.
सिस्टर म्हणतात, छे, तो तर बैल बसलाय.
मॉनिटर आपला टिकटिकत असतो.
वीस सेकंद. चला.

आज डागाकडे बघताना आईचा अंगठा
पुन्हा मानेत जाणवला, किंवा ती कळच असेल.

संध्याकाळी राउंडला बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या,
"पाणी."
मी दोनदा म्हणायला लावलं.

पार्ट अजून आलेला नाही.